गुणवंतच्या नावाची नळी

चार वर्षं फोन करकरून, दारं ठोठावून वैजयंता आणि तिचा नवरा कोंडिराम यांनी देशभरातली सतरा घरं शोधून काढली होती. प्रत्येक घरात त्यांच्या क्षितिजासारखं एक मूल होतं, धावता धावता पायातलं बळ हरवलेलं. ती यादी पुढ्यात ठेवली तेव्हा कुठे एका प्रयोगशाळेने या आजारावर काम सुरू केलं. जनुकातली खोट नेमकी हेरायला आता निरोगी नातेवाइकांचं रक्त हवं होतं, आणि वैजयंताच्या माहेरून नाव नोंदवलं होतं तिच्या एकुलत्या भावाचं, पेणकरपाड्याच्या गुणवंतचं.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेचा फोन आला. गुणवंतच्या नावाने आलेली रक्ताची नळी तिच्या भावाची नाहीच, त्या रक्ताचं तिच्याशी काही नातं लागत नाही. सोमवारपर्यंत खरं रक्त आलं नाही, तर क्षितिजा संशोधनाच्या पहिल्या तुकडीतून बाद.

ती तडक हॉलवर गेली. गुणवंतच्या मुलीचा, स्नेहलचा साखरपुडा होता, त्यांच्याच थोरल्या बहिणीच्या, राजश्रीच्या मुलाशी, निकेतशी.

"पिंटूचं दिलं," गुणवंत म्हणाला. पिंटू त्याच्या दुकानातला माणूस. "तुला नळी हवी होती, मिळाली ना? माझ्या रक्तात काय निघालं असतं तर? तुझ्या क्षितिजाचं ऐकून आधीच दोन स्थळं परत गेली. म्हणून तर घरातल्या घरात जमवतोय."

 वैजयंता स्वतः आत्याच्या घरात दिलेली, आतेभावाला. हे दुखणं त्यातूनच आलं, असं डॉक्टरांनी याच भावासमोर घसा फोडून सांगितलं होतं. तेव्हा मान डोलावली आणि आता पोटच्या पोरीला तिथेच ढकलत होता. लाज कोळून प्यायला होता मेला.

"दादा, आत्ता चल. दहा मिनिटांचं काम आहे."

"लग्न लागू दे, मग बघू. ताई, समजाव हिला."

राजश्रीने नव्या साडीचा पदर सारखा केला. "वैजू, तुझ्या पोरीचं झालं ते झालं. आमच्या कार्यात रोग कशाला आणतेस?"

सख्खी बहीण ही. तिच्या अंगाच्या अत्तराचीसुद्धा वैजयंताला किळस आली.

स्नेहल खुर्चीवरून उठली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आत्या, मग मला मूल झालं तर तेही क्षितिजासारखं होईल?"

"तुमची सगळ्यांची रक्तं तपासल्याशिवाय कसं सांगू, बाळा?"

"बाबा, आधी तपासूया ना..."

गुणवंतने तिच्या उघड्या तोंडात पेढा कोंबला आणि फोटोवाल्याला म्हणाला, "हां, हा घे."