घरी कुणाला सांगितलंत?

नळानं आधी खाकरल्यासारखा आवाज केला. माझ्या कानात हेडफोन होते आणि हेडफोनमधला माणूस गप्प होता, म्हणून मला तो आवाज त्याचाच वाटला. टाइप करायला मी बोटंही उचलली. मग मोरीतल्या बादलीत हवा आणि पाणी एकदमच आपटलं, तेव्हा कळलं, पाणी आलंय. आज आमच्या भागाची पाळी नव्हती, तरी आलं, आणि तेही भर दुपारी.

लेक रुद्राणी आत झोपली होती. मी त्या माणसाचं रेकॉर्डिंग तिथंच थांबवलं, घागरी लावल्या, पाइप टाकीत सोडला आणि ओल्या हातानंच परत बसले. माणूस मोहोळचा होता. मॅडमनी त्याला विचारलं होतं, "हे घरी कुणाला सांगितलंत?" आणि तो गप्पच झाला होता. अशा जागी आम्ही कंसात 'शांतता' असं लिहितो. मी लिहिलं. मग तो म्हणाला, "सांगायचं काय मॅडम, जेवताना समोरच बसलेली असती की ती."

बुद्धप्रिया मॅडम विद्यापीठात मानसशास्त्र शिकवतात. मोबाइलवर पैसे लावून खेळणारी आणि सोडायचं म्हटलं तरी सोडता न येणारी माणसं, यांच्यावर त्यांचं संशोधन चाललंय. त्या मुलाखती घेतात, रेकॉर्डिंग माझ्याकडे येतं, मी ते शब्दाला शब्द उतरवते. रुद्राणी शाळेतून येऊन, जेवून झोपली, की तिला जाग येईपर्यंतचा वेळ माझा.

या माणसांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत. पण कोण सारखं नाक ओढतं, कोणाला रडू आलं की तो चहा मागतो, ते मला ठाऊक आहे. एकानं सांगितलं होतं, "हरल्याचं न्हाय ओ वाईट वाटत. एका पानानं ऱ्हायलं, त्याचं वाटतं. मग झोप कुटली लागती?" मॅडम मला नंतर म्हणाल्या, सगळ्यांचं असंच असतं. थोडक्यात हुकलं की मेंदू त्याला हरणं धरतच नाही, जवळजवळ जिंकलो असंच धरतो, म्हणून माणूस पुन्हा बसतो. मला विरेश आठवला, गॅलरीत पाठमोरा उभा, फोनकडं बघून स्वतःशीच 'च्' करणारा.

विरेश माझा नवरा. एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवायचं बघतो. दिवाळीच्या तोंडावर सगळं उघडकीला आलं. काय गेलं, कुठून गेलं, ते आता राहू दे. सासूबाई अक्कलकोटहून आल्या, दोन्हीकडची माणसं बसली, विरेशनं देवासमोर उभं राहून सोडलं म्हणून सांगितलं. आणि त्या दिवसापासून तो बोलायचाच थांबला. भांडत नाही, आवाज चढवत नाही. मीठ दे. दार लावून घे. येतो. फोन ताटाशेजारी पालथा. रुद्राणीला मांडीवर घेतो, तिच्या शाळेतलं सगळं ऐकतो, हसल्यासारखं करतो. बास.

सासूबाईंचं नाव दानम्मा, आणि जीभ तिखट. फोनवर मला म्हणतात, "बोलत नाही म्हणजे ताळ्यावर आलाय तो. तुला घरात काय रेडिओ पाहिजे का गं?"

मला रेडिओच पाहिजे होता. ही परकी माणसं मॅडमपुढं बसून तासाभरात जे बोलतात, त्यातलं एखादं वाक्य तरी माझ्या घरात पडावं. विरेश अजून खेळतो का, मला माहीत नाही. खेळत असेल तर तिथं तो एकटा आहे, नसेल खेळत तर त्याहून एकटा आहे, आणि त्याच्या शेजारी उशीवर डोकं टेकून मी.

हळूहळू मला एक नादच लागला. मनात बघायची, विरेश मॅडमपुढं बसलाय, आणि मग एका दुपारी त्याचा आवाज माझ्या कानात. मी मध्ये बोलत नाही, भांडं आपटत नाही, 'मग माझा विचार नाही का आला' असं विचारत नाही. नुसती ऐकते. वाटलं तर थोडं मागं नेते आणि परत ऐकते.

शेवटी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढं केला. म्हणाल्या, येऊ दे त्यांना, पण स्वतःहून आले पाहिजेत, आणि तू इथलं काम करतेस हे त्यांना आधीच माहीत पाहिजे. मग त्यांनी चष्मा काढला.

"आणि अपेक्षा, त्यांचं रेकॉर्डिंग तुझ्याकडे येणार नाही. बार्शीची एक मुलगी आहे, तिच्याकडे जाईल. मीही तुला काही सांगणार नाही. आज नाही, पुढंही नाही."

ओळखीच्या माणसाचं घ्यायचं नाही, हा नियम मला पहिल्यापासून माहीत होता. तो मलाही लागू होईल, असं मात्र का कोण जाणे वाटलं नव्हतं. मी म्हटलं, बरोबरच आहे मॅडम. आणि ग्लासातलं पाणी सगळं पिऊन टाकलं.

विरेशला सांगितलं ते तो खाली गाडी पुसत असताना. समोरासमोर बसून मला जमलं नसतं. मी टायपिंग करते एवढं त्याला माहीत होतं, कसलं ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. मी मॅडमचं सांगितलं, त्या माणसांचं सांगितलं, तिथं कोणी शिव्या देत नाही की उपदेश करत नाही, तेही सांगितलं. तो फडकं पिळत राहिला. मग कित्येक दिवसांनी त्यानं मला एक अख्खा प्रश्न विचारला.

"मी काय बोललो ते तुला ऐकायला मिळणार का?"

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

"मग जातो."

मी वर आले. भात लावायला घेतला. तांदूळ धुतले की नाहीत ते आठवेना, पुन्हा धुतले. तो जाणार, हेच तर तुला पाहिजे होतं ना, असं स्वतःला विचारलं, आणि हो म्हणून टाकलं.

शनिवारी तिघं गाडीवरून विद्यापीठात गेलो. विरेश आत गेला, दार लागलं. आम्ही मायलेकी बाहेर बाकावर. दाराला वरच्या बाजूला काच होती. बसून दिसत नव्हतं, म्हणून मी उभी राहिले. त्याचं डोकं मागून दिसत होतं, आणि हात. हात हलत होते. साखरपुडा झाल्यावर सिद्धेश्वर तळ्याच्या कट्ट्यावर बसून कारखान्यातल्या गमती सांगायचा, तेव्हा हलायचे तसे. मला वाटलं होतं, ती सवयच गेली त्याची.

रुद्राणीनं हात वर केले, तिला उचलून घेतलं. तीही काचेतून बघत राहिली, बराच वेळ.

बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि चेहरा सुटल्यासारखा. "चहा घ्यायचा का?" त्यानं मला विचारलं. पुढच्या शनिवारीही येतो, असं मॅडमना आपणहून म्हणाला, आणि गाडी काढायला खाली गेला.

मी मॅडमच्या तोंडाकडं बघितलं. त्यावर काहीच नव्हतं.

"त्या बार्शीच्या मुलीला तेवढं सांगा," मी म्हणाले. "ह्यांचा आवाज वाक्याच्या शेवटी खाली जातो. पंखा बंद करून ऐक म्हणावं."

"सांगते," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या दंडावर क्षणभर हात ठेवला.

आम्ही पायऱ्या उतरून खाली आलो. ऊन चांगलंच तापलं होतं. लांब लिंबाच्या सावलीत विरेश गाडी वळवत होता. रुद्राणी माझं बोट धरून त्याच्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं मान वर केली.

"आई, बाबा तिथं एवढं बोलत होते. माझं नाव घेतलं का त्यांनी?"