शेवटच्या बाकावरच्या चिठ्ठ्या

भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांची दहा-दहा दिवसांची प्रशिक्षणं मी बारा वर्षं घेते आहे. कोण शिकायला आलंय आणि कोण दिवस ढकलायला, हे मला पहिल्याच तासाला कळतं, असा माझा तोरा होता. आज त्याची लाज वाटते.

माझी पद्धत ठरलेली. जागा क्रमांकाने नेमून द्यायच्या. रोज संध्याकाळी प्रत्येकाने नावानिशी चिठ्ठी लिहायची: आज काय जमलं नाही, उद्या काय बदलू. मी पण प्रत्येकाच्या नावापुढे रोजचा शेरा लिहायचे. सकाळी हसून म्हणायचे, "कालच्या चिठ्ठ्या वाचल्या बरं का." वाचतंय कोण! अहवाल लिहायला बसले की सगळ्या एकदम हातावेगळ्या करायच्या, हा माझा खाक्या.

मागच्या खेपेला शेवटच्या बाकावर निवृत्तीला तीन वर्षं राहिलेल्या एक बाई होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. प्रश्न विचारला की त्या नुसत्या हसायच्या. गटात बोलायची पाळी आली की वही चाळायच्या. मी दहाही दिवस एकच शेरा मारला: लक्ष नाही. शेवटच्या दुपारी शेरे वरच्या कार्यालयात पाठवून मोकळी झाले.

चिठ्ठ्यांचं खोकं उघडलं आठवड्याने. ताईंच्या दहाही चिठ्ठ्यांत तेच होतं. "मला कमी ऐकू येतं. पुढे बसवाल का? चारचौघांत सांगायला संकोच वाटतो."

मी धावपळ केली, शेरे मागे घेते म्हणून दोन पत्रं लिहिली. तोवर ताईंचा वर्ग काढून घेऊन त्यांना शाळेच्या वाचनालयात बसवलं होतं. मी भेटायला गेले, तेव्हा त्या पुस्तकांवर क्रमांक चिकटवत होत्या.

"तुम्ही रोज चिठ्ठ्या वाचता, असं शेजारची सांगायची मला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बाईंची काही अडचण असेल. एकीला उठवलं की सगळेच जागा बदलून मागणार. मुलांची आठवण येते, पण तुमच्यावर राग नाही हो."

"ताई, मी वाचल्याच नव्हत्या," मी पुटपुटले.

त्यांनी कान पुढे केला. "काय म्हणालात?"

मग मला ते मोठ्याने सांगावं लागलं. वाचत बसलेल्या मुलींनी माना वर केल्या. ताईंनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं, आणि पहिल्यांदाच त्या हसल्या नाहीत.