फास्ट म्हणजे उपास

देवराव महाराजांच्या कीर्तनात मी कधी मागे बसले नाही. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला महाराज नागपूरहून रामटेकला पायी निघत, तेव्हाही त्यांच्या पाठोपाठ झांज घेऊन मीच. चालता चालता महाराजांनी पद सुरू केलं की धृपद मी उचलायचं, मग बाकीच्या बायांनी. अकरा वर्षं त्या जागेवर दुसरं कोणी चाललं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली यात्रेला आठ दिवस उरले असताना महाराज घरी आले. म्हणाले, "धरमपेठेत एका प्रोफेसरांकडे इंग्लंडची पाहुणी आली आहे. कीर्तन ऐकाचं म्हणते, आपल्यासंगं चालणार. ती माह्या मागं राहीन. तिले समजावून सांगाले जयाले ठेवू."

जया म्हणजे माझी धाकटी जाऊ. जबलपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, लग्नाला पुरतं वर्ष नाही. कीर्तनात पेंगणारी!

"आणि मी?"

"तुम्ही मांगून धरा धृपद, कौसल्याबाई. तुमचा आवाज कुठूनबी येते."

त्या दिवशी माझ्या हातून वरणात दोनदा मीठ पडलं.

दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना मी सहज विचारल्यासारखं केलं, "जया, मले इंग्रजी शिकवशीन का वं?" कशासाठी ते सांगितलं नाही. ती हरखलीच.

"यात्रेचंच बोलू, जाऊबाई. मी पाहुणी. व्हेअर आर यू गोइंग?"

"रामटेक."

"पुरं बोला. आय ॲम वॉकिंग टू रामटेक."

"आय ॲम वल्किंग..."

"वॉकिंग. त्यातला एल बोलाचा नाई."

"मंग लिहून काहून ठेवला?"

"शोभेले!" ती खिदळली. "ओठ गोल करा. शंख फुंकता तसे."

शंख फुंकून फुंकून ओठ दुखले. चार दिवसांत टेंपल आलं, पिलग्रिम आलं, पायाला येणाऱ्या फोडाचं ब्लिस्टर आलं. निघाल्यापासून देवदर्शन होईपर्यंत मी उपास धरते, म्हणून तिने तेही शिकवलं. उपास म्हणजे फास्ट. आय ॲम कीपिंग अ फास्ट.

शिकवत होती छान. तेच खुपत होतं. जे तिच्या तोंडून पाण्यासारखं निघायचं, त्यासाठी मला घाम फुटायचा.

संध्याकाळी मी मालकांना ऐटीत विचारलं, "फास्ट म्हणजे काय, सांगा बरं." मनोहरराव रेल्वेतले. म्हणाले, "जलद. फास्ट पॅसेंजर नसते का?"

"उपास नाई?"

"गाडी का उपाशी धावते वं?" असं म्हणून ते ठसका लागेस्तोवर हसले.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाहुणीसमोर मी काहीतरी वेडंवाकडं बोलायचं आणि साऱ्या बायांनी हसायचं, हा जयाचा बेत! गोड बोलून माझी जागा घेतली, आता अब्रूही घेणार. मत्सरावर महाराजांचं निरूपण मी कितीदा ऐकलं असेल, माना डोलावल्या असतील. त्या वेळी त्यातला शब्दही आठवला नाही. सकाळी ती सूप घेऊन बसायला आली तर मी म्हटलं, "मले वेळ नाई."

"काहून, जाऊबाई?"

"नाई म्हटलं ना!"

यात्रेच्या दिवशी कामठीला चहासाठी थांबलो. जया पाणी भरायला गेली होती. मी कपाला हात लावला नाही हे पाहून पाहुणीने काहीतरी विचारलं. त्यातलं फास्ट तेवढं मला कळलं. मी ठासून म्हटलं, "नो, नो! स्लो. व्हेरी स्लो!"

बाईंना आनंद झाला. त्यांनी पुडा उघडला आणि माझ्या तळहातावर दोन बिस्किटं ठेवली. महाराज समोर. परत द्यावीत तर पाहुणीचा अपमान, खावीत तर उपास मोडला. मी तळहात तसाच पुढे धरून ठेवला.

"शी इज कीपिंग अ फास्ट!" जया तांब्या घेऊन धावतच आली. बाईंनी चटकन बिस्किटं उचलून घेतली आणि मला हात जोडले.

"दोन्ही अर्थ होतेत, जाऊबाई," जया हळूच म्हणाली. "दुसरा सांगणारच होती, तं तुम्ही शिकणंच सोडलं."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी आपली मागे जाऊन उभी राहिले.

कामठी सुटल्यावर महाराजांनी पद घेतलं, मधे मधे निरूपण. मी मागून धृपद उचललं, जरा जास्तच वर. पाहुणीने वळून पाहिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तिने जयाला काही विचारलं आणि जया माझ्याकडे वळली.

"जाऊबाई, ह्या विचारून राहिल्या, महाराज इतकं दूरदूरचं बोलत जातेत आणि फिरून त्याच ओळीवर काहून येतेत? मले तं नाई माहीत."

कॉन्व्हेंटात हे शिकवत नसावेत. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. चार पावलं, पाच पावलं. देवा, किती गोड होती ती पावलं!

"जाऊबाई वं..." तिचा आवाज रडवेला झाला.

तेव्हा कुठे मी पुढे गेले. "मी मराठीत सांगते, तू तिले इंग्रजीत सांग," म्हटलं, आणि दोघींच्या बरोबर मधोमध शिरले.