पितळी पाट्या

भंगारवाल्याने विकत घेतलेली गोणी उपडी केली, तेव्हा तिच्यातून पितळी पाट्या घरंगळल्या. बायकोने एक उचलून वाचली.

"अहो, ही तर लढाईत गेलेल्यांची नावं! कुणीतरी थडग्यांवरून उचकटलीत."

"वितळली की पितळच उरतं," म्हणत तो भट्टीच्या शेडमध्ये आडवा झाला.

तिने मात्र पाट्या धुऊन अंगणात वाळत घातल्या. दुपारच्या उन्हात त्यांचे कवडसे शेडच्या छतावर थरथरू लागले. अर्धवट झोपेत त्याला वाटलं, वर कुणीतरी रांगेने बसून आपल्याकडे बघतंय. तो उठला आणि त्याने हातगाडी काढली.

दफनभूमीत कुठली पाटी कुठल्या दगडाची, ते काही कळेना.

"चुकली तर गं?"

"शेजारीच तर आहेत," ती म्हणाली, "आपसांत बदलून घेतील."

दिवेलागणीपर्यंत दोघं पाट्या बसवत राहिली.