नष्ट करण्यास हरकत नाही

मित्रांनो, काचेवर नाक टेकवून तुम्ही जो पितळेचा तुकडा बघत आहात, तो मी. मी शिक्का आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. मला नासपतीच्या लाकडाची मूठ आहे आणि तोंडावर चार शब्द आहेत. मला उपडे ठेवल्यामुळे ते तुम्हाला दिसत नाहीत. दिसले असते तरी उलटे दिसले असते. शिक्क्याचे बोलणे सरळ वाचता येते ते फक्त कागदावर.

नष्ट करण्यास हरकत नाही.

हेच ते चार शब्द. आयुष्यभर मी एवढेच बोललो. आज थोडे जास्त बोलणार आहे.

ठळक ठसा

मला घडवून घेतले क्रेस्तेन उल्डाल यांनी. ते या देशाचे पहिले राष्ट्रीय अभिलेखपाल. त्यांच्याआधी हे पद नव्हते, राजाचा एक कागदवाला असे. राजा जिथे जाईल तिथे तो मागून घोड्यावर पेटी लादून जायचा. पेटीत तह, जमिनीचे दाखले, लग्नाचे करार. एका लढाईत राजा निसटला आणि पेटी मात्र शत्रूच्या हाती लागली. तेव्हापासून पेटी फिरायची थांबली आणि किल्ल्याच्या तळघरात बसली. पुढे राजाचे अधिकार कमी झाले. कागद लोकांचे झाले आणि कागदवाला देशाचा नोकर झाला.

पण मोकळे झालेले कागद मोकाट सुटले. कचेऱ्यांतले शिपाई हिवाळ्यात शेगडीत जुने गठ्ठे घालायचे. एकदा उल्डालसाहेबांनी बाजारातून हेरिंग मासळी आणली आणि घरी पुडी सोडली, तर आत एका खुनाच्या खटल्याचा निकाल निघाला. आरोपी निर्दोष सुटला होता. ते ती वास मारणारी पाने घेऊन मंत्र्याकडे गेले आणि त्याच्या टेबलावर ठेवून आले म्हणे. त्यानंतर कायदा झाला. राष्ट्रीय अभिलेखपालाच्या संमतीशिवाय देशातल्या कुठल्याही कचेरीला एक चिठोराही फेकता येणार नाही.

ती संमती म्हणजे मी.

लोकांना वाटते, अभिलेखपाल म्हणजे जपणारा. माझ्या जागेवरून बघितले तर तो टाकणारा आहे. जेवढे कागद येतात तेवढी कपाटे कुठल्याच देशाकडे नसतात. ठेवायचे ते थोडे असते, बाकीच्यावर मी बसतो आणि मग ते कागदाच्या गिरणीत जाऊन लगदा होते.

दप्तरखान्यात विस्तव न्यायला बंदी होती. शेगडी नाही, दिवा नाही. हिवाळ्यात शाईची गादी गोठून दगड व्हायची. उल्डालसाहेब मला तोंडाजवळ धरून फुंकर घालायचे. मग गठ्ठा सोडायचे, त्यातले कुठलेही एक पान काढायचे आणि उभे राहून मोठ्याने वाचायचे. गाईच्या मालकीचा तंटा, पुलाच्या डागडुजीचा खर्च, काहीही. खोलीत दुसरे कोणी नसे. एकदा त्यांच्या कारकुनाने विचारले, की हे कुणासाठी. ते म्हणाले, "जाण्याआधी कुणीतरी एकदा ऐकायला हवं."

वाचून झाले की शिक्का.

हा नियम कुठेही लिहिलेला नाही. जाणारा अभिलेखपाल येणाऱ्याच्या हातात मला द्यायचा आणि हे तोंडी सांगायचा. उल्डालसाहेबांमागून अनेक जण आले. कोणाचा हात जड होता, कोणाच्या हाताला घाम यायचा. वाचत सगळे होते. मी ऐकत होतो आणि मग चार शब्द बोलत होतो. माझे कौतुकही पुष्कळ झाले. परदेशी पाहुणे आले की मला दाखवायचे, अख्ख्या देशात असा एकच आहे म्हणून. मला काही वाटत नसे. मी तापायचो तो फुंकरीने आणि निवायचो कागदावर.

जोडठसा

आता पुढच्या काळातले एक अभिलेखपाल, आस्गेर त्वेडे, यांच्याविषयी सांगतो. ते वाईट गृहस्थ नव्हते. उंच, वाकलेले, सतत घड्याळाकडे बघणारे. त्यांच्या काळात कागद नुसता येत नव्हता, कोसळत होता. प्रत्येक कचेरीत टंकयंत्र आले होते आणि प्रत्येक टंकयंत्र तीन-तीन प्रती काढत होते. जिन्याच्या पायऱ्यांवर गठ्ठे होते, न्हाणीघरात गठ्ठे होते. कागद नष्ट करण्याचे रोज शेकडो प्रस्ताव यायचे. वाचायची रीत त्यांनी मोडली नाही, पण आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी, एकच पान वाचायचे. सगळ्यांच्या वतीने ते एक.

इथे दोन वह्यांची गोष्ट येते.

आमच्याकडे प्रत्येक गावात जन्म, लग्न आणि मरण यांच्या नोंदी दोन वह्यांत ठेवायचे. एक वही पाद्र्याकडे, दुसरी शाळामास्तरकडे. दर रविवारी चर्चमध्ये दोन्ही समोरासमोर ठेवून ताडून बघायच्या आणि लगेच आपापल्या घरी न्यायच्या. दोन्ही वह्यांनी एका छपराखाली रात्र काढायची नाही, असा सक्त हुकूम होता. आग लागली तर एक तरी वाचावी. लोक हा हुकूम फार मनापासून पाळायचे. वादळात अडकलेला एक मास्तर आपली वही कोटाखाली घेऊन रात्रभर पाद्र्याच्या गोठ्यात बसला होता, कारण घरात पाद्र्याची वही होती.

स्कारहोल्म नावाच्या बेटाच्याही अशा दोन वह्या होत्या. बेटावरची माणसे कमी झाली तशा त्या जमा झाल्या. पाद्र्याची आली राजधानीत, आमच्याकडे, मास्तरची गेली पाण्यापलीकडच्या जिल्ह्याच्या दप्तरखान्यात. तिथेही दोन छपरे.

मग एका वर्षी दोन्ही छपरांखालची जागा संपली. राजधानीतल्या कारकुनाने प्रस्ताव लिहिला, की ही प्रत जादा आहे, दुसरी जिल्ह्याकडे आहे. ते खरे होते. तो वसंतात आला. जिल्ह्याच्या कारकुनाने लिहिले, की ही प्रत जादा आहे, दुसरी राजधानीत आहे. त्याने जुनी यादी बघून लिहिले आणि यादीनुसार तेही खरे होते. तो शरदात आला.

वसंतातला दिवस शुक्रवार होता. त्वेडेसाहेबांची आगगाडी चुकायला आली होती. त्यांनी वरचाच गठ्ठा सोडला, हाताला आले ते पान उघडले आणि कोटाच्या एकाच बाहीत हात घातलेला असताना वाचले.

"आने, दीपगृहवाल्याची मुलगी, वय एक महिना. लाउस्ट, मच्छीमार ओवे व्रांग आणि मारेन यांचा मुलगा, वय तीन आठवडे. बर्फामुळे दफन लांबले. जुळी मुले, नावे ठेवण्याआधीच गेली."

मग दुसरी बाही आणि मग मी.

नष्ट करण्यास हरकत नाही.

शरदातला दिवस शुक्रवार नव्हता.

नष्ट करण्यास हरकत नाही.

आगीच्या भीतीने ज्यांना जन्मभर एका छपराखाली झोपू दिले नाही, त्या दोन्ही वह्या एका मुठीखाली आल्या. छपरांची काळजी सगळ्यांनी घेतली होती. मूठ एकच आहे, हे कोणाच्या लक्षात आले नाही. गिरणीत त्यांचे काय झाले ते मला माहीत नाही. त्या साली गिरणी अंड्यांचे खोके बनवत होती.

पुसट ठसा

काही वर्षांनी वाल्बोर्ग व्रांग नावाची म्हातारी आली. तिने डोक्याला लोकरी रुमाल बांधला होता आणि हातातल्या पिशवीला खारवलेल्या माशाचा वास होता. ती त्वेडेसाहेबांसमोर न विचारता बसली. मी टेबलावर होतो.

तिचे म्हणणे सरळ होते. समुद्राने स्कारहोल्म खाल्ले. शेवटची घरे उठून किनाऱ्यावरच्या बंदरगावात आली आणि पुढच्याच हिवाळ्यात चर्च आणि कबरस्तान पाण्यात गेले. आता बेटकऱ्यांनी मिळून किनाऱ्यावर एक मोठा दगड उभा करायचा ठरवले होते. पाण्यात गेलेल्या सगळ्यांची नावे त्यावर कोरायची होती. मोठ्या माणसांची नावे त्यांना तोंडपाठ होती. अडले होते ते बाळांपाशी. बेटावर रीत होती, की वर्षाच्या आत गेलेल्या बाळाचे नाव घरात पुन्हा घ्यायचे नाही. तिच्या जन्माआधी तिच्या आईचा एक मुलगा गेला होता. आईने त्याचे नाव मरेपर्यंत उच्चारले नाही. ते वहीत असणार, असे म्हणून ती थांबली.

त्वेडेसाहेबांनी वही आणायला सांगितली. कारकून गेला आणि बऱ्याच वेळाने हात हलवत परत आला. मग जिल्ह्याला फोन झाला. फोन कानाला असतानाच त्यांची नजर माझ्यावर आली आणि तिथेच राहिली.

त्यांनी कोणावर ढकलले नाही. दोन्ही कारकुनांची नावे त्यांना माहीत होती, ती त्यांनी घेतली नाहीत. ते म्हणाले, "दोन्ही प्रती गेल्या, वाल्बोर्गबाई. संमती माझी होती. दोन्ही वेळा."

तिने खोलीभर नजर फिरवली. छतापर्यंत कपाटे होती.

"एवढी कपाटं तुमची, साहेब," ती म्हणाली. "आणि एक बेट मावलं नाही?"

मग बहुधा काहीतरी देऊ करावे म्हणून त्यांनी तिला वाचण्याची रीत सांगितली. त्या वहीतले एक पान आपण मोठ्याने वाचले होते, एवढे त्यांना पक्के आठवत होते. पान बाळांचे होते, हेही आठवत होते.

ती पुढे झुकली. "मग? काय होतं त्यात?"

"आठवत नाही."

"एकही नाव?"

"त्या दिवशी गाडी चुकत होती."

तिने रुमालाची गाठ घट्ट केली. आवाज चढवला नाही. "मग वाचलंत कशाला?" असे म्हणून तिने पिशवी उचलली. दारात थांबून सांगितले, की दगड जूनमध्ये बसणार आहे, यायचे तर या, कॉफी सगळ्यांना आहे.

मित्रांनो, ते पान ऐकणारा आणखी एक जण त्या खोलीत होता. माझ्या तोंडावर चार शब्द होते आणि त्यांत ते नाव नव्हते.

कोरडा ठसा

त्या दिवसापासून त्वेडेसाहेबांनी मला टेबलावर ठेवणे बंद केले. ते मला कोटाच्या खिशात घेऊन फिरायचे. दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणून, की स्वतः वापरू नये म्हणून, ते मला कळले नाही. गठ्ठे साचत गेले. मंत्रालयातून विचारणा होऊ लागली. त्यांनी नवा नियम लिहिला, की दोन्ही छपरांकडून उत्तर आल्याशिवाय कुठल्याही प्रतीला संमती नाही. नियम चांगला होता. आजही तो आहे.

जूनमध्ये ते बंदरगावात गेले. मीही गेलो, खिशातून. अस्तराला एक भोक होते, त्यातून जरासे दिसायचे. करडा दगड, करडे पाणी आणि मधे चांगल्या कपड्यांत अवघडून उभी असलेली माणसे. पाद्री फार बोलला नाही. मग प्रत्येक घरातले एकेक जण पुढे येऊन आपल्या माणसांची नावे वाचू लागले. वाऱ्यामुळे काही ऐकू आली, काही नाही.

वाल्बोर्ग पुढे आली. तिने दगडावर बोट ठेवून वाचले, "ओवे व्रांग. मारेन व्रांग." त्याखाली वीतभर जागा गुळगुळीत सोडलेली होती. अशा कोऱ्या जागा दगडावर बऱ्याच होत्या. पाथरवटाने विचारले होते म्हणे, की या भरून घेऊ का, एखादे फूल वगैरे कोरून. तिने नको सांगितले होते. तिचे बोट त्या जागेवर फिरले आणि थांबले.

"आणि

       "

ती एवढेच म्हणाली. सगळ्यांनी वाट पाहिली. मग ती मागे सरकली आणि पुढचे घर आले.

खिशात त्वेडेसाहेबांनी मला मुठीत धरले होते. इतके घट्ट, की माझे पितळ गरम झाले. उल्डालसाहेबांच्या फुंकरीनंतर पहिल्यांदाच. शाई असती आणि कागद असता तरी मी काय बोललो असतो ते तुम्हाला माहीत आहे.

नंतर मासळीबाजाराच्या सभागृहात काळा पाव, हेरिंग आणि कॉफी होती. ते दाराशीच उभे राहिले. वाल्बोर्गने बशी भरून त्यांच्या हातात दिली.

"खा, साहेब. उभ्याने नको, बसून खा," ती म्हणाली. "गाडीला वेळ आहे अजून. मी विचारून आले स्टेशनात."

ते बसले. त्यांनी सगळे खाल्ले.

पुढचे थोडक्यात. ते निवृत्त झाले. त्यांनी मला पुढच्या अभिलेखपालाच्या हातात दिले आणि वाचण्याबद्दल सांगितले, पण तोवर संमती द्यायला यंत्र आले होते. यंत्राला तोंड नाही आणि ते एका सकाळीत माझ्या अख्ख्या आयुष्याइतके काम करते. मला पुसून या काचेखाली ठेवले. खाली एक पाटी आहे. तिच्यावर माझे वजन लिहिले आहे.

मित्रांनो, ठेवायचे काय आणि टाकायचे काय, हे ठरवायची वेळ तुमच्यावरही येईल. घर बदलाल, आजोबांचे कपाट रिकामे कराल. सगळे ठेवा असे मी म्हणणार नाही. मी शिक्का आहे, मला जागेची अडचण कळते. टाका. पण टाकण्याआधी एक पान काढा आणि मोठ्याने वाचा. बसून वाचा आणि तेवढा वेळ घड्याळाकडे बघू नका.

आणि एक काम आहे. तुमची सहल इथून नेहमी बंदरगावात जाते, बोटी बघायला. धक्क्याच्या टोकाला तो दगड अजून आहे. वाल्बोर्ग आता नाही. तिचे नाव आईवडिलांच्या बाजूला कोरले आहे आणि वीतभर जागा अजून गुळगुळीत आहे. कोरायला हातोडी लागते, म्हणायला काही लागत नाही. त्या जागेवर बोट ठेवा आणि वाऱ्यातही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा.

लाउस्ट.