पहिला नान

समीनानं बरणीवरचं फडकं सोडलं आणि खमिरात, नानच्या आंबवणात, बोट घातलं. बोट आत गेलंच नाही. खमीर वरून कडक झालं होतं, कडेनं शिजून सुटलं होतं, आणि आंबूस वासाऐवजी भाजलेल्या मैद्याचा वास येत होता.

चूक तिची तिलाच कळली. सासरे बद्रुद्दीन डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जालन्याला गेल्यावर तिनं हौसेनं नानची भट्टी नव्या मातीनं लिंपून काढली होती. ओली माती लवकर वाळावी म्हणून काल दुपारभर रिकाम्या भट्टीत जाळ घातला. बरणी नेहमीसारखी भट्टीच्या भिंतीतल्या कोनाड्यात, उबेला. जाळ घालताना ती काढून ठेवायची असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. भट्टीवाल्यांच्या घरात ते सांगावं लागतं असं कुणाला वाटतच नाही.

आणि ही बरणी साधी असती तरी एक वेळ चाललं असतं. दिल्लीच्या सुलतानानं राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा लष्कराच्या जेवणासाठी जागोजाग भट्ट्या खणल्या गेल्या. पुढे सुलतानाचं मन फिरलं, राजधानी परत निघाली. एक नानबाई, म्हणजे नान भाजणारा, मात्र चालून चालून वैतागला होता, तो इकडेच राहिला. त्याच्या खमिरातलं मूठभर राखायचं, त्यात नवा मैदा कालवायचा, असं करत करत ते देऊळगाव राजाच्या या गल्लीपर्यंत आलं. निदान बद्रुद्दीन तरी असंच सांगत. दोन नान घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते आधी सुलतान ऐकवत, मग नान देत.

"सुलतान गेला, निजाम गेला, आपली बरणी हाय," हे त्यांचं शेवटचं वाक्य असे.

जाताना त्यांनी ती बरणी समीनाच्या हातात दिली होती. त्यांचा मुलगा, म्हणजे समीनाचा नवरा जाकीर, टेम्पो चालवत होता, त्याला भट्टीची धग सोसत नव्हती. नीट राखलंस तर भट्टी तुझी, नाही तर बंद करू, इतकं सरळ बोलणं झालं होतं. समीनाला भट्टी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. संध्याकाळी जाकीर त्यांना घेऊन यायचा होता आणि उद्या एका निकाहाची ऑर्डर होती. दुकानातलं यीस्ट आणून नान फुगला असता, पण पहिल्या घासाला अब्बांनी ओळखलं असतं.

डोळे पुसून ती बरणी पदराखाली घेऊन समोरच्या घरी गेली. तिथं रमाकांत आणि प्रेमला या नवरा-बायकोचं जिलबीचं दुकान होतं. भट्टीतला पहिला नान यांच्याकडे जायचा आणि यात्रेतली पहिली जिलबी तिकडून यायची. काऊन, असं समीनानं लग्नानंतर एकदा विचारलं होतं. "सरवरीची रीत हाय," एवढंच बद्रुद्दीन म्हणाले होते. सरवरी म्हणजे तिची सासू. ती समीना या घरात यायच्या आधीच गेली होती.

प्रेमला कढई घासत होती.

"काऊन वो, तोंड काऊन उतरलं? तुह्या सासऱ्याचं बरं हाय ना?"

समीनानं बरणी पुढे केली. प्रेमलानं आत पाहिलं, वास घेतला आणि हसू दाबत म्हणाली,

"जाळ घातला वाट्टे भट्टीले."

"तुम्हाले कसं कळलं?"

"अवं, तुह्या सासूनं बी असंच शिजवलं होतं. त्याच कोनाड्यात." प्रेमला उठली, आतल्या खोलीतून जिलबीच्या आंबवणाचं भांडं घेऊन आली आणि समीनाच्या बरणीत पळीनं ओतू लागली. आंबवण तार धरत, बुडबुडे घेत बरणीत उतरलं. "घाबरू नको. मी तवाही कोणाले सांगितलं नाही."

समीना त्या बुडबुड्यांकडे बघत राहिली.

"म्हणून पहिला नान तुमच्याकडं येते?"

"हाव."

"पण काकी, हे तर जिलबीचं हाय. अब्बाचं खमीर दिल्लीचं—"

"मग आमची पहिली जिलबी तुमच्याकडं काऊन जाते?" प्रेमलानं पळी भांड्याच्या काठावर आपटली. "मह्या सासूचं, तानाबाईचं, आंबवण ऐन यात्रेत नासलं होतं. तुमच्या भट्टीवरून आणलं होतं तिनं, पदराखालीच. आता कोणाचं कोणातून आलं, ते सुलतानालेच विचार!"

मग दोघीही हसत सुटल्या. समीनाला तर हसता हसता पुन्हा रडू आलं.

दुपारी तिनं मैदा मळला. कणीक टम्म फुगली तेव्हा तिच्या जिवात जीव आला. संध्याकाळी भट्टी पेटवून तिनं गोळे थापले, हळद-गुळाचं पाणी वरून फिरवलं आणि गादीवर, म्हणजे कापडी उशीवर, घेऊन एकेक नान भट्टीच्या नव्या भिंतीला चिकटवला. टेम्पो दारात थांबला तेव्हा पहिली खेप सळईवर निघत होती.

बद्रुद्दीन काळा चष्मा लावून ओट्यावर बसले. विचारपूस करायला रमाकांतही आले.

"बद्रूभाऊ, डोळा नवा झाला, आता सुलतान साफ दिसन तुम्हाले."

"मले पहिलेही दिसत होता."

"त्याचा कारभार मात्र तुघलकी, बरं का. राजधानी नेली काय, आणली काय!"

"नेली म्हणून तर तुम्ही नान खाऊन राह्यले," बद्रुद्दीन म्हणाले, आणि रमाकांतांना तेराव्यांदा की तिसाव्यांदा, पुन्हा सुलतान सुरुवातीपासून ऐकावा लागला. त्यांनी तो आनंदानं ऐकला. बरणीपर्यंत गोष्ट आली तशी समीना आत वळली आणि उगाच पीठ झाडू लागली.

रमाकांत घरी गेले. समीनानं ताटलीत नान आणून ठेवला. बद्रुद्दीननी तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले. समीनाचे हात पदरात गुंतले.

गल्लीत वऱ्हाडी बोलणारे बद्रुद्दीन घरात मात्र दखनी बोलत. आता ते तसेच हळू आवाजात म्हणाले,

"सरवरी का नान भी एक दफा ऐसाच लग्या था. उसके बाद ऐसाच लगता रह्या, बरसों."

समीनानं ताटली त्यांच्या हाताजवळ आणली.

"मैं कुछ बोल्या नहीं था उसको," ते म्हणाले आणि दुसरा तुकडा तोडला. "अच्छा लग्या था ना."

त्यांनी अख्खा नान संपवला. मग चष्मा सावरून त्यांनी जाळापासून लांब ओट्यावर काढून ठेवलेली बरणी चाचपडत शोधली आणि समीनाकडे सरकवली.

"संभाल इसको. भट्टी तेरी है. और पहिला नान?"

"बांध के रख्या है, अब्बा," समीना म्हणाली.

फडक्यात तिनं दोन नान बांधले होते. एक सासूच्या रितीचा, एक स्वतःचा. ते घेऊन ती गल्ली ओलांडून गेली. मागे ओट्यावर कुणी नवं गिऱ्हाईक आलं होतं, आणि बद्रुद्दीन त्याला दिल्लीपासून सांगायला लागले होते.