दातांतलं बूच

कपडे धुण्याच्या मशीनच्या तक्रारी फोनवर ऐकणाऱ्या त्या ऑफिसात सगळे कामाआधी दातांत बूच धरून इंग्रजी वाचत. त्यानं आपलं इंग्रजी झडतं आणि साहेबाचं उगवतं, असं उच्चार शिकवणाऱ्या बाईंचं मत होतं. बाई स्वतः परदेशी गेल्या नव्हत्या. पण त्यांचा उच्चार जाऊन आला होता. फोन करणारी गिऱ्हाइकं सगळी याच देशातली, पण त्याला इलाज नव्हता.

ऑफिसातल्या सगळ्यांत धाकटीच्या उमेदवारीचा आज शेवटचा दिवस. बाई तिचे फोन ऐकणार आणि मग नोकरी पक्की, नाहीतर घर. वडिलांनी तर पक्की झाल्याचं शेजारी सांगूनही टाकलं होतं.

पहिलाच फोन एका आजोबांचा. त्यांची मातृभाषा वेगळी, हिची वेगळी. दोघांत मिळून भाषा एकच, इंग्रजी. मोठं ऑफिस म्हणून आजोबा ठेवणीतलं काढून नाकातून बोलत होते, धाकटी घशातून. दोघंही अत्यंत अदबीनं एकमेकांना काही कळू देत नव्हते.

तेवढ्यात पलीकडे गळक्या मशीनखालची बादली कलंडल्याचा आवाज आला.

"अहो, पाणी पलंगाखाली गेलं हो!" आजोबा ओरडले. इंग्रजीच, पण शाळेत शिकलेलं, बाजारात वापरलेलं.

धाकटीचा घसा आपोआप मोकळा झाला. "आजोबा, मशीनला हात नका लावू! भिंतीवरचं बटण बंद करा. कोरड्या हातानं, हां! मग नळ."

तो 'हां'सुद्धा इंग्रजीतच गेला.

"थांबलं गं पोरी," आजोबा धापा टाकत म्हणाले. "आधीच असं बोलली असतीस तर?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

दोघंही हसली. धाकटीनं फोन ठेवला, वळून पाहिलं, तर मागे बाई. संपलं सगळं. वडिलांना शेजाऱ्यांकडे पुन्हा जावं लागणार.

"बूच कुठाय तुझं?"

"खिशात, मॅडम."

"पाणी थांबलं ना?"

"थांबलं. पण मॅडम, माझा उच्चार..."

बाई बराच वेळ पेन चावत राहिल्या. "उच्चार कळला, असं लिहिते," त्या म्हणाल्या, आणि हे त्या चक्क आपल्या गावच्या इंग्रजीत म्हणाल्या. "उद्यापासून पक्की. आणि ते बूच दे इकडे. घरी तेलाची बाटली कधीची उघडी आहे."